विन्स्लो आणि आरोग्यविषयक लोकशिक्षणाचा प्रश्न

सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात जे उपाय योजले जातात त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील उपायांना सामान्य नागरिकाच्या संमतीची वा सहकार्याची फारशी गरज नसते. नगरपालिकेने पाणी गाळून व शुद्ध करून घरोघर पोचविले की ते पिणारा मनुष्य सुशिक्षित असो वा निरक्षर, त्याचे विषमज्वरापासून रक्षण होते. ते कसे होते हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. दुसऱ्या वर्गातील उपायांचे तसे नाही. तान्ह्या मुलाचे दूध स्वच्छ ठेवणे, खोकणाऱ्या माणसाने थुंकीची विल्हेवाट लावणे, आजाराच्या पहिल्याच लक्षणाला वैद्याकडे जाणे, ह्या गोष्टी कोणत्याही खात्याला परस्पर करता येत नाहीत. त्या ज्याच्या त्याने, आपल्या घरात, प्रतिदिनी करावयाच्या असतात. म्हणून पहिल्या वर्गातील कार्य मुख्यतः अभियंत्याचे आणि दुसऱ्या वर्गातील कार्य मुख्यतः शिक्षकाचे ठरते.

हा शिक्षक कोण असावा, त्याने काय व कोणत्या साधनांनी शिकवावे, आणि शिकणाऱ्याला शिकविलेली गोष्ट पटूनही ती करणे शक्य नसेल तर शिक्षकाचे कर्तव्य कोठे संपते, हे प्रश्न आरोग्यशिक्षणाच्या अभ्यासकापुढे आजही उभे आहेत. अमेरिकेतील चार्ल्स-एडवर्ड अ‍ॅमरी विन्स्लो (१८७७–१९५७) ह्यांच्या जीवनकार्याचा विचार केला असता ह्या प्रश्नांची उत्तरे एकामागून एक कशी उलगडत गेली हे स्पष्ट दिसते. सार्वजनिक आरोग्याची १९२० मध्ये त्यांनी केलेली व्याख्या भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या पाठ्यपुस्तकांतही दिलेली असते व विद्यार्थी ती पाठ करतात. परंतु त्या व्याख्येचे एकेक कलम कोणत्या अनुभवातून आले असावे हे क्वचितच सांगितले जाते.

पूर्वपीठिका : पाणी आणि जंतू

विन्स्लो हे वैद्यकाचे पदवीधर नव्हते, ही गोष्ट आरंभीच लक्षात घेतली पाहिजे. त्यांचा जन्म बॉस्टन येथे झाला आणि शिक्षण मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत झाले. तेथे त्यांना विल्यम सेजविक ह्यांच्यासारखे गुरू लाभले. सेजविक हे जीवशास्त्रज्ञ होते. न्यू इंग्लंड प्रांतातील नद्यांच्या काठी वसलेल्या गिरणगावांत विषमज्वराच्या साथी दूषित पाण्यामुळे येतात हे त्यांनी अन्वेषणाने दाखवून दिले होते. लॉरेन्स ह्या गावी १८९३ मध्ये वाळूतून पाणी गाळण्याची योजना सुरू झाली आणि तेथील विषमज्वराच्या मृत्यूंत मोठी घट झाली. विन्स्लो ह्यांची वैचारिक जडणघडण ह्या विजयाच्या छायेत झाली. सॅम्युएल प्रेस्कॉट ह्यांच्या सहकार्याने त्यांनी पाण्यातील जंतुशास्त्रावर लिहिलेला ग्रंथ १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला व तो पुढे अनेक वर्षे वापरात राहिला.

तथापि ह्या विजयाबरोबरच त्याची मर्यादाही दिसू लागली होती. १९०८ मध्ये जर्सी सिटी शहराच्या पाण्यात क्लोरीनयुक्त द्रव्य नियमितपणे घालण्यास आरंभ झाला आणि ती पद्धती झपाट्याने पसरली. पाण्यातून येणारे रोग अशा रीतीने आटोक्यात येत असताना क्षयरोग आणि बालमृत्यू हे दोन प्रश्न मात्र नळाच्या पाण्याने सुटण्यासारखे नव्हते. क्षयाचा जंतू कॉखने १८८२ मध्येच दाखविला होता. पण त्यावर परिणामकारक औषध मिळण्यास स्ट्रेप्टोमायसीनच्या शोधापर्यंत, म्हणजे १९४० नंतरच्या दशकापर्यंत, वाट पाहावी लागणार होती. ह्या मधल्या साठ वर्षांत समाजाच्या हाती रोगाविषयीचे ज्ञान होते, औषध नव्हते. अशा स्थितीत ज्ञानाचा प्रसार हाच प्रतिबंधाचा प्रमुख उपाय ठरला.

ह्या संक्रमणाची मीमांसा विन्स्लो ह्यांनी स्वतःच पुढे केली. १९२३ च्या आपल्या एका लहान ग्रंथात त्यांनी आधुनिक आरोग्यकार्याचे तीन कालखंड कल्पिले: १८४० ते १८९० हा परिसरस्वच्छतेचा, १८९० ते १९१० हा जंतुशास्त्राचा, आणि १९१० नंतरचा व्यक्तीच्या आरोग्यशिक्षणाचा. क्षयरोगविरोधी चळवळीने लोकशिक्षणाचे साधन शोधून काढले आणि त्या शोधाचे महत्त्व जंतूंच्या शोधाच्या जवळपास येते, असे त्यांचे मत होते. ज्याची उमेदीची वर्षे जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली अशा शास्त्रज्ञाने हे म्हणावे, ह्याला विशेष अर्थ आहे.

अदृश्य ते दृश्य करणे

१९०८ च्या अखेरीस न्यूयॉर्क येथील अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरी ह्या वस्तुसंग्रहालयात क्षयरोगविषयक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. अवघ्या काही आठवड्यांत सात लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. प्राणी, खनिजे आणि प्राचीन अवशेष पाहण्यास येणारा समाज रोगाविषयीही तितक्याच उत्सुकतेने पाहतो, हे संचालकांच्या ध्यानात आले. संग्रहालयात सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला व १९१० मध्ये त्याचे अभिरक्षक म्हणून विन्स्लो ह्यांची नेमणूक झाली. हे पद त्यांनी १९२२ पर्यंत सांभाळले.

ह्या विभागातील मांडणीमागील तत्त्व साधे होते. रोगाचे कारण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सामान्य माणसाचा त्यावर विश्वास बसत नाही. तेव्हा जे दिसत नाही ते दिसेल असे करावे. माशी, डास आणि पिसू ह्यांच्या अनेक पटींनी मोठ्या केलेल्या, अंगावरील केसांसह सूक्ष्म बारकावे दाखविणाऱ्या प्रतिकृती तेथे ठेवण्यात आल्या. घरातील नित्याची माशी उकिरड्यावरून उठून अन्नावर बसते तेव्हा ती पायांना काय चिकटवून आणते, हे त्या प्रतिकृतीपुढे उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नसे. शहराला पाणी कोठून येते व ते कसे शुद्ध राखले जाते, हेही प्रतिकृतींनी दाखविले गेले. ह्याच विभागात जिवंत जंतूंचा संग्रह राखून तो देशभरातील प्रयोगशाळांना व शिक्षणसंस्थांना पुरविण्याची व्यवस्थाही झाली. लोकशिक्षण आणि शास्त्रीय संशोधन ह्यांच्यामध्ये भिंत असू नये, ही विन्स्लो ह्यांची वृत्ती त्यातून दिसते.

परंतु प्रदर्शनाच्या साधनात एक अंगभूत उणीव असते. प्रदर्शनाला येतो तो आपण होऊन येतो. ज्याला सवड नाही, ज्याचा दिवस कारखान्यात आणि रात्र कोंदट खोलीत जाते, तो तेथे पोचत नाही. शिवाय प्रदर्शन सर्वांना एकच गोष्ट सांगते. ऐकणाऱ्याच्या घरात कोणती अडचण आहे हे काचेच्या पेटीला कळत नाही.

खात्याचे प्रसिद्धीकार्य

दुसरा टप्पा शासकीय प्रसिद्धीचा होय. १९१३ च्या कायद्याने न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्यखात्याची पुनर्रचना झाली आणि हर्मन बिग्ज हे त्याचे आयुक्त झाले. समाजाने मनावर घेतले व पैसा खर्च केला तर निसर्गाच्या मर्यादेत राहून आपला मृत्युदर आपणच ठरविता येतो, अशी बिग्ज ह्यांची भूमिका होती. ही भूमिका स्वीकारली की तिच्यामागून प्रचाराची आवश्यकता ओघानेच येते. कारण पैसा मंजूर करणारे लोकप्रतिनिधी आणि त्यांना निवडून देणारे मतदार ह्यांची समजूत पटविल्याखेरीज तो पैसा मिळणार नाही. खात्यातील प्रसिद्धी व शिक्षण ह्या विभागाची धुरा १९१४ मध्ये विन्स्लो ह्यांच्याकडे आली. वृत्तपत्रांना मजकूर पुरविणे, पत्रके काढणे, व्याख्याने व फिरती प्रदर्शने योजणे अशा मार्गांनी आरोग्याचा संदेश संग्रहालयाच्या दाराबाहेर नेण्याचे हे कार्य होते. ते त्यांनी थोडाच काळ केले. पण बिग्ज ह्यांचा प्रभाव त्यांच्यावर कायम राहिला व १९२९ मध्ये त्यांनी बिग्ज ह्यांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. प्रसिद्धी म्हणजे माहिती पसरविणे, आणि शिक्षण म्हणजे माहितीचे आचरणात रूपांतर घडवून आणणे. पत्रकांची संख्या मोजता येते, त्यामुळे खात्याच्या अहवालात ती डौलाने नोंदविली जाते. ते पत्रक वाचून किती घरांतील दुधाचे भांडे झाकले गेले ह्याची नोंद सहसा होत नाही. ह्या दोहोंची गल्लत होणे हा आरोग्यप्रचाराचा सर्वांत जुना दोष आहे, आणि तो कोणत्याही एका देशापुरता मर्यादित नाही.

परिचारिका : घरातील शिक्षिका

घराच्या उंबरठ्याच्या आत जाणारा शिक्षक विन्स्लो ह्यांना आरोग्यपरिचारिकेच्या रूपाने दिसला. गरीब वस्तीत घरोघर जाऊन शुश्रूषा करण्याचा उपक्रम न्यूयॉर्कमध्ये लिलियन वॉल्ड ह्यांनी १८९३ मध्ये सुरू केला होता. अशी परिचारिका बाळंतिणीला तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच भांड्यांनी, दूध कसे निर्जंतुक करावे हे दाखवू शकते. चूल एकच आहे, पाणी दोन मजले खालून आणावे लागते, घरात आणखी चार मुले आहेत, हे तिला दिसते आणि त्याप्रमाणे ती आपला उपदेश बदलते. पत्रकाला हे साधत नाही.

परंतु असे काम करणारी परिचारिका तयार कोठे होणार? रुग्णालयांना जोडलेल्या तत्कालीन परिचर्याशाळांत विद्यार्थिनी ह्या प्रामुख्याने स्वस्त श्रमशक्ती म्हणून वापरल्या जात. रात्रपाळ्या करून त्या रुग्णालय चालवीत. अध्यापनाला वेळ उरला तर ते होई. रॉकफेलर फाउंडेशनच्या पुढाकाराने ह्या प्रश्नाच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपद विन्स्लो ह्यांच्याकडे होते व चिटणीस जोसेफिन गोल्डमार्क ह्या होत्या. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या समितीच्या अहवालाने परिचर्येचे शिक्षण रुग्णालयाच्या सोयीपासून वेगळे करून त्याला शैक्षणिक पाया द्यावा आणि सार्वजनिक आरोग्याचे काम करणाऱ्या परिचारिकेला त्याचे विशेष शिक्षण मिळावे असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी येल विद्यापीठात परिचर्येचे स्वतंत्र विद्यालय उघडले. घरोघर शिकविणाऱ्या व्यक्तीला स्वतःला उत्तम शिक्षण मिळाले पाहिजे, हा सिद्धांत आज सर्वमान्य वाटतो. पण तो मान्य होण्यास एवढा प्रयास पडला होता.

अध्यासन आणि व्याख्या

विन्स्लो ह्यांच्या जीवनातील दीर्घ कालखंड अध्यापनाचा होय. १९१५ मध्ये येल विद्यापीठाच्या वैद्यकशाखेत सार्वजनिक आरोग्याचे अध्यासन निर्माण झाले आणि १९४५ मध्ये निवृत्त होईपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, ते त्यांनी भूषविले. ह्या विभागाचे दार त्यांनी केवळ डॉक्टरांसाठी उघडे ठेवले नाही. जंतुशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, परिचारिका, आरोग्यशिक्षक आणि प्रशासक हे सर्व ह्या क्षेत्राचे स्वतंत्र व समान अधिकारी आहेत, अशी त्यांची धारणा होती. न्यू हेवन शहर हीच त्या विभागाची प्रयोगशाळा बनली. शहराच्या आरोग्याची पाहणी करणे हा तेथील अभ्यासाचा भाग होता.

अध्यापनाची त्यांची कल्पना वर्गापुरती नव्हती. शाळांतील मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी त्यांनी पुस्तके लिहिली. आरोग्याचे नियम व ते कसे शिकवावे ह्याविषयीचा, एका सहलेखिकेसह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९२५ चा आहे. दुसऱ्या टोकाला, तज्ज्ञांसाठी चालणाऱ्या जंतुशास्त्राच्या नियतकालिकाचे संपादन त्यांनी १९१६ पासून १९४४ पर्यंत केले व त्यानंतर १९५४ पर्यंत अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थचे संपादकपद सांभाळले. शाळकरी मुलगा, परिचारिका, विद्यापीठातील विद्यार्थी आणि संशोधक ह्या चारही श्रोतृवर्गांशी त्यांनी आयुष्यभर संबंध राखला. एकाच वर्गाशी बोलण्याची सवय झालेल्या तज्ज्ञाची भाषा हळूहळू इतरांना अनाकलनीय होते; तो धोका त्यांनी टाळला.

१९२० ची सुप्रसिद्ध व्याख्या ह्या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. तिच्यात रोग टाळणे, आयुष्य वाढविणे आणि आरोग्य व कार्यक्षमता ह्यांचे संवर्धन करणे ह्या हेतूंनी समाजाने संघटितपणे करावयाची पाच कार्ये सांगितली आहेत: परिसराची स्वच्छता, सांसर्गिक रोगांचे नियंत्रण, वैयक्तिक आरोग्याचे शिक्षण, लवकर निदान व प्रतिबंधक उपचार ह्यांसाठी वैद्यकीय व परिचर्या सेवेची संघटना, आणि प्रत्येक व्यक्तीला आरोग्यास पुरेसे जीवनमान लाभेल अशा सामाजिक यंत्रणेचा विकास. ह्यांतील पहिली दोन कलमे म्हणजे विन्स्लो ह्यांचा भूतकाळ होय. सेजविक ह्यांच्या प्रयोगशाळेत ते हेच शिकले होते. तिसरे कलम म्हणजे त्यांचा त्या वेळचा व्यवसाय. चौथे व पाचवे कलम मात्र त्यांच्या पुढील तीस वर्षांचा कार्यक्रम ठरला.

उपदेशाची किंमत

शिक्षणाच्या कलमामागून ही दोन कलमे यावीत ह्यात तर्कसंगती आहे. खोकला तीन आठवडे टिकला तर तपासणी करून घ्या, असे शिकविणाऱ्याने तपासणी कोठे व किती पैशांत होईल ह्याचे उत्तर दिले पाहिजे. मोकळ्या हवेत झोपा असे सांगणाऱ्याने ज्या घराला खिडकीच नाही त्याचा विचार केला पाहिजे. एरवी आरोग्यशिक्षण म्हणजे असमर्थाला त्याच्या असामर्थ्याबद्दल दोष देण्याचे साधन बनते.

हा विचार विन्स्लो ह्यांना वादाच्या क्षेत्रात घेऊन गेला. अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनचे अध्यक्ष ह्या नात्याने १९२६ मध्ये त्यांनी उपचारसेवेच्या संघटनेकडे आरोग्यकार्यकर्त्यांनी पाठ फिरवू नये असे आवाहन केले. १९२७ ते १९३२ ह्या काळात वैद्यकीय सेवेच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या समितीत त्यांनी कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष म्हणून काम केले. डॉक्टरांनी गटाने सेवा द्यावी आणि खर्चाचा भार विमा वा करांच्या द्वारे अनेकांनी मिळून उचलावा, असे त्या समितीच्या बहुमताने १९३२ मध्ये सुचविले. अल्पमताचे निवेदन विरुद्ध गेले आणि डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियतकालिकाने बहुमताच्या अहवालावर कठोर टीका केली. माशीची प्रतिकृती दाखवीपर्यंत शिक्षकाला सर्वांचा पाठिंबा असतो. उपचाराचे पैसे कोणी द्यावेत हे तो विचारू लागला की त्या पाठिंब्याची कसोटी लागते.

त्यानंतर ते गृहप्रश्नाकडे वळले. १९३७ मध्ये स्थापन झालेल्या गृहआरोग्यविषयक समितीचे ते अध्यक्ष होते. तिने १९३८ मध्ये आरोग्यदायी घराची ३० मूलतत्त्वे प्रसिद्ध केली. शरीराच्या गरजा, मनाच्या गरजा, संसर्गापासून संरक्षण आणि अपघातांपासून संरक्षण असे त्यांचे चार गट होते. घरात एकांत मिळावा ही आरोग्याची गरज म्हणून तेथे नोंदविली गेली, हे लक्षणीय आहे. आयुष्याच्या अखेरच्या दशकात, १९५१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या प्रबंधात दारिद्र्यातून आजार, आजारातून अधिक दारिद्र्य आणि त्यातून पुन्हा आजार ह्या दुष्टचक्राचे विवेचन आहे. आरोग्यावरील खर्च हा दानधर्म नसून राष्ट्राची आर्थिक गुंतवणूक आहे, हे त्याचे सार होय.

मूल्यमापन

विन्स्लो ह्यांच्या विचारातही एक अपूर्णता राहिली. तज्ज्ञाला सत्य ठाऊक असते व ते त्याने योग्य साधनाने लोकांपर्यंत पोचवावे, अशी त्यांच्या पिढीची श्रद्धा होती. ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून काय आहे, ह्याचा शास्त्रीय शोध नंतरच्या पिढीने घेतला. अमेरिकन आरोग्यसेवेतील गॉडफ्री हॉखबाउम ह्या मानसशास्त्रज्ञाने क्षयाच्या क्ष-किरण तपासणीस लोक का येतात व का येत नाहीत ह्याचा अभ्यास करून तो १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याला हा रोग होऊ शकतो आणि तो लवकर कळण्यात हित आहे, ह्या दोन्ही गोष्टी ज्यांना पटलेल्या होत्या त्यांच्यापैकी १०० मागे ८२ जणांनी आपण होऊन तपासणी करून घेतली होती. दोहोंपैकी काहीच न पटलेल्यांत हे प्रमाण २१ होते. ह्या व अशा अभ्यासांतून आरोग्यविषयक श्रद्धांचा सिद्धांत विकसित झाला.

तथापि ह्या नव्या सिद्धांताने विन्स्लो ह्यांचे पाचवे कलम कालबाह्य होत नाही. मनातील समजूत आणि घरातील परिस्थिती ही आचरणाची दोन चाके आहेत. २०२० मध्ये कोविडची साथ आली तेव्हा माणसामाणसांत अंतर राखावे व वारंवार हात धुवावेत हा संदेश जगभर पोचला, आणि पुष्कळांना तो पटलाही. पण एका खोलीत सहा-सात माणसे राहणाऱ्या आणि सार्वजनिक नळावर अवलंबून असणाऱ्या कुटुंबांना तो पाळता येण्यासारखा नव्हता. संदेशात चूक नव्हती. तो पाळण्याची शक्यता ज्या यंत्रणेने निर्माण करावयाची ती अपुरी होती.

ह्यावरून आरोग्यशिक्षणाच्या अभ्यासकाने प्रत्येक संदेशाला तीन प्रश्न विचारावेत असे निष्पन्न होते. जे सांगावयाचे ते शास्त्राच्या कसोटीला उतरले आहे काय? ऐकणाऱ्याच्या समजुतीशी ते जोडले गेले आहे काय? आणि ते करण्याचे साधन त्याच्या हाती आहे काय? पहिला प्रश्न प्रयोगशाळेचा, दुसरा मानसशास्त्राचा आणि तिसरा समाजकारणाचा आहे. विन्स्लो ह्यांनी पहिल्या प्रश्नापासून आरंभ केला आणि तिसऱ्यासाठी विरोधही पत्करला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर आपला उपदेश अधिक मोठ्या आवाजात सांगणे हा त्यावरील उपाय नव्हे. नळ, खिडकी आणि दवाखाना ह्यांची मागणी श्रोत्याच्या बाजूने मांडणे, हेही मग शिक्षकाच्याच कामात मोडते.